मदत हवी आहे: निळ्या लाईटखालच्या फोटोत कोरलचा खरा रंग ओळखायचा कसा?

राम राम मंडळी, जळगावहून लिहितोय. दोन फुटी समुद्री टँक आहे, हार्ड कोरल (दगडी प्रवाळ) वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मधे येतात म्हणून त्या वाटेला जातच नाही, फक्त झोअँथिड आणि मश्रूम, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले त्यांचे मऊ भाऊबंद. गेल्या महिन्यात व्हॉट्सअपवरचा फोटो बघून झोअँथिडचा तुकडा मागवला, फोटोत मधे हिरवागार आणि कडेला भडक केशरी झालर, पार्सल आलं, टँकमधे सोडलं, दोन दिवसांनी त्याची फुलासारखी तोंडं उघडली तर पांढऱ्या लाईटमधे चक्क चहाचा चोथा! रात्री निळे एलईडी लावले की हिरवा चमकतो खरा, पण मोबाईलने फोटो काढला की सगळं नीळ कालवलेल्या बादलीसारखं. मग पोराच्या प्रोजेक्टचा पिवळा जिलेटिन कागद कॅमेऱ्यावर धरला तर ती केशरी झालर दिसली ना भो!

आता यातलं खरं काय मानायचं? माणसाने फसवलं की माझंच काही चुकतंय? पाणी २६ डिग्रीला आहे (बाहेर मे महिन्यात ४५, पाणी गार ठेवणाऱ्या चिलरच्या बिलावरून घरात रोज कीर्तन). आई फुले मार्केटात साडी घेताना दुकानाबाहेर उन्हात नेऊन रंग बघते, कोरल कुठे नेऊ?

भुसावळकर: भाऊ, दोन्ही रंग खरेच. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड झोअँथिडमधली प्रोटीनं शोषतात आणि हिरवा, केशरी बाहेर टाकतात. पांढऱ्यात ती चमक बुडते, आतल्या शेवाळाचा तपकिरी वर येतो. पिवळा कागद निळा अडवतो, चमक तेवढी जाऊ देतो, म्हणून फिल्टर लावला म्हणजे लबाडी झाली असं नाही. लबाडी होते ती नंतर एडिटमधे सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) ओढल्यावर. फोटोत नुसतं कोरलच्या रंगाकडे बघू नको, आजूबाजूला पण बघ. दगडावरचं जांभळट कोरलाइन शेवाळ गुलालासारखं पेटलंय का, तोंडांवरच्या बारीक रेघा जाऊन नुसता रंगाचा ठिपका उरलाय का? मग रंग ओढलाय समजून घे. फोनचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग) बहुतेक १० हजार केल्विनला संपतो (केल्विन जेवढा जास्त तेवढा उजेड निळा) आणि आपले टँक २० हजाराकडे, म्हणून तो बिचारा निळा काढूच शकत नाही. घेण्याआधी पंप बंद करून, ६५०० केल्विन पांढऱ्या लाईटमधे, शेजारी काहीतरी पांढरं ठेवून, एडिट न केलेला फोटो मागायचा. एक निळ्यातला पण माग. आणि पार्सलने आलेला तुकडा दमलेला असतो, कमी उजेडात राहिला तर अजून तपकिरी होतो, लगेच लाईट वाढवू नको, हळूहळू वाढव.

मूळ धागाकर्ता: केलं. आइस्क्रीमचा पांढरा चमचा शेजारी ठेवून दुपारी काढला, चमचा पांढराच आला आणि झालर आहे, पण केसाएवढी बारीक, फिकट. विकणाऱ्याचा जुना फोटो परत उघडला तर मागचा दगड खरंच गुलालात लोळलेला. त्याला दुसऱ्या एका तुकड्याचा चमचा ठेवून फोटो मागितलाय, तो विचारतोय चमचा कशाला.