मदत हवी आहे: जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या रेडिओतील ऑसिलेटर ६५० किलोहर्ट्झच्या खाली थांबतो

नमस्कार. मी सातारा परिसरात पदविकेच्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि फावल्या वेळात जुने रेडिओ दुरुस्त करते. सध्या हाती असलेल्या एका रेडिओच्या बाबतीत निदान बरेचसे झाले आहे. पण उपाय कोणता करावा, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

रेडिओ एका विद्यार्थ्याच्या आजोबांचा आहे. लाकडी पेटी, मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह असे दोन बँड, चार सेलवर म्हणजे ६ व्होल्टवर चालणारा संच. ऑसिलेटर (रेडिओच्या आतच एक लहर तयार करणारा भाग) आणि मिक्सर (ती केंद्राच्या लहरीत मिसळणारा भाग) ही दोन्ही कामे एकच एएफ ११५ ट्रान्झिस्टर करतो. माझ्याकडे आला तेव्हा संच पूर्ण मुका होता. या मालिकेतील ट्रान्झिस्टरांच्या धातूच्या कवचात आतून कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि ते आतल्या तारांना टेकतात, हे दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक आहेच. येथेही कलेक्टर (एमिटर, बेस आणि कलेक्टर या ट्रान्झिस्टरच्या तीन तारांपैकी एक) आणि कवचाची चौथी तार यांच्यात मल्टिमीटर सरळ शॉर्ट दाखवत होता. ती चौथी तार कापताच आकाशवाणीचे पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर खणखणीत लागले आणि सांगलीही १२५१ वर मिळाले.

अडचण त्यापुढची आहे. डायलवर सुमारे ६५० च्या खाली काटा गेला की स्पीकरमधील खरखरसुद्धा नाहीशी होते, त्यामुळे मुंबईची ५५८ वरील अस्मिता वाहिनी, जी आजोबांना मुख्यतः ऐकायची आहे, ती लागतच नाही. शॉर्टवेव्ह तर पूर्ण बंद आहे, आणि ऑसिलेटर अशक्त असेल तर ते स्वाभाविकही आहे.

ऑसिलेटर खरोखरच थांबतो की दोष अँटेना कॉइलकडे आहे, हे ठरवण्यासाठी मी दुसरा चालू रेडिओ शेजारी ठेवला. या संचाची आयएफ (मध्यवर्ती वारंवारता, म्हणजे ऑसिलेटर आणि केंद्र यांच्या वारंवारतेतील ठरलेला फरक) ४५५ किलोहर्ट्झ असल्यामुळे पुणे लावलेले असताना त्याचा ऑसिलेटर १२४७ च्या आसपास चालतो. दुसऱ्या रेडिओवर सांगली लावून ठेवले, तर त्यात सुमारे चार किलोहर्ट्झची बारीक शिट्टी ऐकू येते आणि काटा किंचित हलवला की तिचा सूर बदलतो. वर्गात सुपरहेटरोडाइन (याच ऑसिलेटर-मिक्सर पद्धतीचा रेडिओ) शिकवताना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा ही शिट्टी अधिक उपयोगी पडते, हे जाता जाता नमूद करते. अशीच चाचणी डायलच्या खालच्या टोकाला घेतली असता ऑसिलेटरचा मागमूस लागत नाही. शिवाय गँगचा (केंद्र लावताना फिरणाऱ्या पात्यांच्या कंडेन्सरचा) ऑसिलेटरकडील भाग तात्पुरता शॉर्ट केल्यावर एमिटरवरील व्होल्टेज वरच्या भागात स्पष्ट बदलते आणि खालच्या भागात जागचे हलत नाही, त्यामुळे निदानाबद्दल मला शंका उरलेली नाही.

गँगची पाती पूर्ण मिटल्यावर एकमेकांना टेकत असावीत, असा पहिला संशय होता. परंतु कॉइलकडील तार सोडवून पूर्ण फेरीत मोजले, तेव्हा कुठेही शॉर्ट आढळला नाही. रोटरला जमिनीशी जोडणाऱ्या स्प्रिंगचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ केले आहेत. एमिटरकडे फीडबॅक नेणारा कंडेन्सर आणि पॅडर (गँगसोबतचा जुळवणीचा कंडेन्सर) बदलून पाहिले, जुने इलेक्ट्रोलिटिक बदलले, बेसच्या बायसचे (ट्रान्झिस्टरमधील प्रवाह ठरवणाऱ्या व्होल्टेजचे) रेझिस्टर एक टोक सोडवून मोजले. ते छापील मूल्याच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत. आयएफ विभागही सिग्नल जनरेटरने तपासला असून तो उत्तम आहे.

एमिटरच्या एक किलो-ओहम रेझिस्टरवर केवळ ०.४ व्होल्ट मिळतात, म्हणजे प्रवाह ०.४ मिलिअँपिअर आहे. बायस वाढवून तो ०.७ पर्यंत नेला, तर ऑसिलेटर थेट ५५० पर्यंत टिकतो आणि अस्मिता ऐकू येते. मात्र पार्श्वभूमीचा फुसफुसाट वाढतो आणि सेल ५ व्होल्टपर्यंत उतरले की मूळ तक्रार परत सुरू होते. हा उपचार म्हणायचा की दुखणे झाकणे? सर्किटचा नकाशा उपलब्ध नसल्याने मूळ रचनेत या ट्रान्झिस्टरमधून किती प्रवाह अपेक्षित होता, हे ज्यांना अशा संचांच्या अनुभवावरून सांगता येईल त्यांनी कृपया सांगावे.

दुसरी शंका कापलेल्या तारेबद्दल आहे. कवच आता अधांतरी असल्यामुळे, बेस आणि कलेक्टर या दोन्हींकडचे तंतू त्याला टेकत असतील तर ते कवचामार्फतच एकमेकांशी जोडले जाऊन गळती होत असेल का? मल्टिमीटरवर तसे ठळकपणे दिसत नाही, तथापि कवचावर पेन्सिलने हलकेच टिचकी मारली की आवाजात क्षणभर फरक पडतो, आणि मला तेच खटकते आहे.

सिलिकॉनचा बीसी ५५८ लावता येईल, याची कल्पना आहे. परंतु जर्मेनियमला बेस-एमिटरमध्ये ०.२ व्होल्टच्या आसपास पुरतात तिथे सिलिकॉनला ०.६ लागतात, म्हणून बायसची साखळी नव्याने बांधावी लागेल. तसे कोणी प्रत्यक्ष केले असल्यास रेझिस्टरची मूल्ये आणि खालच्या टोकाचा अनुभव कळवावा. ब्लूटूथचे तयार पॅनेल आत बसवण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नये. तो बाजारात फुकट मिळतो.

माझा कल एएफ १२५ या पर्यायी जर्मेनियम ट्रान्झिस्टरकडे आहे, कारण त्याचे कवच वेगळे आहे आणि त्यात ही तंतूंची कटकट कमी आढळते. न वापरलेला एएफ ११५ मिळाला तरी उपयोग नाही, कारण तंतू डबीत पडल्या पडल्याही वाढतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला अलीकडे कोणाला एएफ १२५ किंवा एएफ १२६ मिळाला असेल, तर तो खरोखर चालू निघाला का, तेवढे जरूर लिहावे.