रावीच्या मधे कोणाचं नाव लावू, रेवती की अश्विनी?

विश्रामबागची सून (सांगली)

नमस्कार. मुलगी झालीय, बारसं सव्वा महिन्याला धरलंय. गुरुजींनी चित्रा नक्षत्राचा तिसरा चरण काढला आणि 'रा' अक्षर दिलं. राधा, राजसी, राही, रावी अशी यादी झाली. मला आणि ह्यांना 'रावी' बघताक्षणी आवडलं. घोडं अडलंय मधल्या नावापाशी.

माझं माहेरचं नाव अश्विनी. ह्यांचं रणजित, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं 'रेवती' काढलं. सासरी, भावकीत सगळे रेवतीच म्हणतात, मलाही आता ते आपलंच वाटतं. पण आधार, पॅन, डिग्री, बँकेचं पासबुक सगळीकडे अश्विनीच आहे. आता मुलीच्या नावात आईचंही नाव लागतं म्हटल्यावर सासूबाईंचा हट्ट, की रेवतीच लावायचं. "अश्विनी कोण हे गावात कुणाला ठाऊक?" ह्यांचं तिसरंच. म्हणतात, आपल्या वेळी मधे एकट्या बापाचं नाव होतं, तेवढंच राहू दे.

रावी रेवती रणजित, आणि पुढे 'कर'नं संपणारं आडनाव. एकदा मोठ्यानं म्हणून बघा. माझी तर जीभ अडखळते. काय करावं?

कराडचा मामा

मोठ्यानं म्हणून बघितलं, बायकोनं आतून विचारलं मोटारसायकल कुणी चालू केली.

चेष्टा सोडा. पण ताई, रावी पंजाबातली. आपल्याकडं कृष्णा, कोयना, वेण्णा, वारणा एवढ्या नद्या असताना तिकडं कशाला जायचं? कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर राहणाऱ्या माणसाला हे लागतंच थोडं. कोयना अश्विनी रणजित, बघा कसं वाटतंय.

माहुलीची माई (सातारा)

मामा, 'रा' अक्षर हवंय त्यांना, कोयना कुठून आणता.

सूनबाई, मी शाळेच्या कार्यालयात लिपिक होते, निवृत्त झाले. जनरल रजिस्टरात नावं उतरवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा थोडं लांबण लावते.

पहिलं तुमच्या मालकांचं. मधे फक्त वडिलांचं नाव, हा पर्याय आता नाही. 14 मार्च 2024 चा शासन निर्णय आहे. 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव बाळ, आई, वडील, आडनाव अशा क्रमानं लिहायचं. जन्मदाखला, शाळाप्रवेश, परीक्षेचे कागद, सगळीकडे. आधी आईच्या नावाला वेगळा रकाना असायचा, आता ते नावातच आलं. त्याच वर्षी डिसेंबरात मुख्यमंत्रिपदाची शपथ 'देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस' अशी घेतली गेली, ती टीव्हीवर ऐकली असेल मालकांनी.

आता सासूबाईंचं. त्यांची माया समजते, पण दाखल्यावर अश्विनीच घाला. दवाखान्यात भरती होताना तुम्ही आधार दिलं असणार, म्हणजे जन्माच्या नोंदीत आईचं नाव बहुतेक अश्विनीच गेलंय. उद्या पोरीच्या नावात रेवती आणि तुमच्या आधारवर अश्विनी, तर ही रेवती कोण हे प्रत्येक खिडकीवर समजावत बसाल. माझ्या टेबलासमोर अशा आया उभ्या राहायच्या, एका हातात लग्नपत्रिका, दुसऱ्या हातात प्रतिज्ञापत्र. जातीचा दाखला असो, शिष्यवृत्ती असो, अडायचं ते आईच्या नावाशी. लग्नात नाव बदलायची हौस आपल्याकडे दांडगी, त्याचे कागद करायची हौस कुणालाच नाही!

रेवती हवंच असेल तर बारशाच्या पत्रिकेवर 'सौ. रेवती व श्री. रणजित यांची कन्या' असं छापा. गावात वाटायला तीच जाणार आहे, सासूबाईंचं मन राहील.

राहता राहिला कानाचा प्रश्न, आणि खरं तर तुम्ही तोच विचारलाय. आपल्याकडे मधली नावं ठरलेली असतात, म्हणून जे काही जुळवायचं ते पहिल्या नावात. हजेरी घेतात तसं पूर्ण नाव खणखणीत म्हणा. मग आडनाव आधी घेऊन पुन्हा म्हणा, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे असतं. तुमचं आडनाव 'कर'वर संपतं, लगेच रावी. र ला र भिडला. रावी अश्विनी रणजित मात्र छान चालतं, मधे 'अ'वर श्वास घ्यायला जागा मिळते. राजसी अश्विनीसुद्धा बरं आहे, पण दोन्ही तीन अक्षरी, थोडं सपाट वाटतं. राधा अश्विनी म्हणून बघा, आकारानंतर लगेच अ आला की घाईत 'राधाश्विनी' होतं. रावीचंच पारडं जड. आणि 'रा' फक्त पत्रिकेपुरतं हवं असेल तर जन्मनाव म्हणून ते पाळण्यात सांगा, व्यवहाराचं नाव कुठल्याही अक्षराचं ठेवता येतं. तेव्हा मामांची कोयना अजून शर्यतीत आहे.

घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, ती झाली असेल. बाळाचं नाव मात्र नोंदीत नंतर भरता येतं, वर्षाच्या आत विलंब शुल्क नाही, त्यानंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. पण एकदा भरलेलं नाव बदलणं जड जातं. 2011 साली आमच्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेनं नकुशा, म्हणजे नकोशी, नावाच्या मुलींना नवी नावं दिली, अडीचशेहून जास्त पोरी होत्या. समारंभ एका दिवसाचा, दप्तरातली दुरुस्ती कितीतरी दिवसांची. त्या पोरींचं पहिलं नाव बदललं, मधलं बापाचं तसंच राहिलं. जिच्या पोटी त्या आल्या तिचं नाव तेव्हाही शेजारच्या रकान्यातच होतं.

मिरजेची, सध्या लीड्स

माई, हजेरीची युक्ती इकडेही आहे. इथे मधलं नाव आईवडिलांनी निवडलेलं असतं, आजीचं ठेवतात किंवा आवडलेलं काहीही. पहिलं लांब असेल तर मधे रोज, ग्रेस, जेन असं एका झटक्यात संपणारं घालतात. एलिझाबेथ रोज म्हणताना ठेका कळतो. दोन्हीकडे लांब नाव आलं की ओढाताण होते. त्या हिशेबानं दोन अक्षरी रावीनंतर तीन अक्षरी अश्विनी आणि चार अक्षरी रणजित चढत्या पायऱ्या झाल्या, उत्तम.

फक्त पुढे पासपोर्ट काढाल तेव्हा लक्षात ठेवा, त्यात मधल्या नावाला वेगळा रकाना नसतो. एक आडनावाचा आणि एक दिलेल्या नावांचा. म्हणजे आई, वडील दोघंही रावीच्या रकान्यात जातात. विमानाच्या तिकिटावर सगळं सलग छापून येतं, घाबरू नका. माझ्या वडिलांच्या नावानं मला इथल्या बँकेत हाक मारलेली आहे.

विश्रामबागची सून (सांगली)

माई, सासूबाईंना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. पत्रिकेवर रेवती म्हटल्यावर खुलल्या. वर म्हणाल्या, माझंही सासरचं नाव वेगळं आणि रेशनकार्डावरचं वेगळं. हे सासूबाईंचं माहेरचं नाव मला आजवर माहीतच नव्हतं!

हे अजून कुरकुरतायत, पण दाखल्यावर रावी अश्विनी रणजितच जाईल. एकच विचारते, इंग्रजीत रावी कसं लिहू?

माहुलीची माई (सातारा)

आर, दोन ए, व्ही, आय. एकच ए घातलात तर कुणीही 'रवी' वाचणार आणि पोरगी मुलांच्या यादीत जाईल. अश्विनीचं स्पेलिंग आधारवर डब्ल्यू आहे की व्ही ते आधी बघा, तेच उतरवा. अर्ज स्वतः भरा, मालकांना देऊ नका.