पायथनमध्ये तयार केलेला सिमलिंक उघडत का नाही?

प्रश्न: प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमधून मी ओएस.सिमलिंक या फंक्शनला ‘डेटा/नोंदी.टीएक्सटी’ हा सापेक्ष पथ (पूर्ण नव्हे, तर एखाद्या फोल्डरपासून मोजलेला फाइलचा पत्ता) देऊन ‘दुवे’ या उपफोल्डरमध्ये सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) तयार केला. कोणतीही त्रुटी आली नाही, तरीही तो उघडत नाही.

उत्तर १: हे फंक्शन लक्ष्य अस्तित्वात आहे का, हे तपासत नाही, दिलेला मजकूर जसाच्या तसा साठवते आणि पुढे त्याचा अर्थ चालू फोल्डरपासून नव्हे, तर सिमलिंक ज्या फोल्डरमध्ये आहे तेथून लावला जातो. आपल्याला ‘../डेटा/नोंदी.टीएक्सटी’ हवे आहे (‘..’ म्हणजे एक फोल्डर वर). सापेक्ष पथ काढून देणाऱ्या ओएस.पाथ.रेलपाथ या फंक्शनला दुसरा पथ म्हणून ‘दुवे’ दिल्यास ते आपोआप मिळेल.

उत्तर २: निरपेक्ष पथाने (मुळापासूनच्या पूर्ण पत्त्याने) हा घोळ टळतो, मात्र प्रकल्पाची प्रत दुसरीकडे नेल्यास सिमलिंक निमूटपणे जुन्याच फाइलकडे बोट दाखवतो, आणि ते तुटण्यापेक्षा वाईट.

प्रश्नकर्ता: रेलपाथने काम झाले. आभारी आहे.