कॉलेजच्या फीमधलं नेमकं काय चालतं? (सोसायटी ग्रुप, सप्टेंबर २०२५)

वर्षा बी-४०२: नमस्कार मंडळी, रात्री मेसेज टाकतेय सॉरी पण आयकर रिटर्नची १५ सप्टेंबरची मुदत तोंडावर आलीय आणि माझं डोकं फिरलंय. मुलीच्या इंजिनियरिंगचे १,८४,००० भरले, रिटर्न भरून देणारे म्हणतात त्यातले करात सूट म्हणून १,१२,०००च धरायचे. बाकीचे पैसे आम्ही शिक्षणासाठी नाही का भरले?

निखिल सी-३०३: ताई आयकराच्या ८०सी कलमात सूट मिळते ती फक्त ट्यूशन फीला. डेव्हलपमेंट फी, डोनेशन, हॉस्टेल, मेस, बस काही नाही

अण्णा ए-१०१: आधी कराची पद्धत जुनी की नवीन ते बघा. नवीन पद्धतीत ८०सी नाही, ८०ई (शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची सूट) पण नाही.

वर्षा बी-४०२: जुनीच अण्णा. पावती वाचते, ट्यूशन १,१२,०००, डेव्हलपमेंट १६,८००, हॉस्टेल ४८,०००, परीक्षा ४,२००, डिपॉझिट ३,०००. ही फोडसुद्धा तीन खेपा घातल्यावर मिळाली, आधी नुसता एक आकडा लिहून शिक्का मारून दिला होता

सुमनकाकू ए-२०२: नातवाच्या क्लासचे ९०,००० मी भरलेत. ते धरतात का रे

निखिल सी-३०३: नाही काकू, पूर्णवेळ शाळा कॉलेजच लागतं. आणि आजीने नातवाची फी भरली तर सूट नाही, आईवडलांनी स्वतःच्या मुलांची भरली तरच, तीही दोन मुलांपर्यंत

सुमनकाकू ए-२०२: अरे देवा. कोणी आधी सांगायचं होतं

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरता ठेवावा 🙏 गणपतीची वर्गणी ११ घरांची बाकी आहे.

वर्षा बी-४०२: साहेब, परवा तुमच्या मेहुण्यांच्या प्लॉटची जाहिरात याच ग्रुपवर आली होती. मी काही बोलले नव्हते

प्रशांत बी-१०३: जाऊ दे ना. ८०सीची दीड लाखाची मर्यादा पण लक्षात घ्या, पीएफ, एलआयसी, घराच्या कर्जाची मुद्दल सगळं त्यातच बसवायचं. माझा पीएफच १,३८,००० जातो, फीचे १२,०००च कामाला आले

निखिल सी-३०३: वहिनींच्या खात्यातून भरायची ना, जो भरेल त्याला सूट

सुमनकाकू ए-२०२: वहिनी ग्रुपवर आहेत हं प्रशांत 😄

अण्णा ए-१०१: मंडळी, आधी पद्धत बघा. नवीन पद्धतीत ८०सी नाही, ८०ई पण नाही.

प्रशांत बी-१०३: अण्णा वाचलं हो. निखिल, भाचा जर्मनीला शिकतोय, ताईने कर्ज काढलंय त्याचं काय?

निखिल सी-३०३: परदेशातल्या कॉलेजची फी ८०सीत नाही. पण कर्जाचं व्याज ८०ई मध्ये, तिथे परदेश चालतो आणि रकमेला वरची मर्यादा नाही. फक्त व्याज हं, मुद्दल नाही, व्याज भरायला लागलात त्या वर्षापासून ८ वर्षं. कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं हवं, नातेवाइकांकडून घेतलेलं नाही चालत. यंदा फॉर्ममध्ये कर्जाचा खाते नंबर पण विचारतात

वर्षा बी-४०२: मुलाच्या डिप्लोमा कॉलेजने अजून फोड दिलेली नाही, पुढच्या आठवड्यात या म्हणतात. लेट फी भरून नंतर रिटर्न भरलं तर चालेल ना?

अण्णा ए-१०१: नको गं! हेच सांगतोय कधीपासून. मुदत उलटली की जुनी पद्धत घेताच येत नाही, मग पावत्या असून ८०सी गेलं.

वर्षा बी-४०२: बापरे. हे मला माहीतच नव्हतं अण्णा

सुमनकाकू ए-२०२: उद्या साडेदहाला खाली ये, मी पण येते कॉलेजात. फोड घेतल्याशिवाय उठायचं नाही

सेक्रेटरी: वर्गणीचं पण बघा.