सिरियलाइझ्ड मेटा: आहे तिथेच उलगडावा की जेसनमध्ये न्यावा?

धागाकर्ता: वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट चालवणारी प्रणाली) गेट_पोस्ट_मेटा या फंक्शनला नुसता पोस्टचा आयडी दिला, तर सगळा मेटा (पोस्टसोबत साठवलेली जादा माहिती) ॲरेच्या (यादीच्या) आत ॲरे असा येतो, पण आतल्या व्हॅल्यू सिरियलाइझ्ड, म्हणजे मजकुरात गुंडाळलेल्या, स्ट्रिंगच राहतात. माझं मत ठाम आहे: प्रत्येकीवर मेबी_अनसिरियलाइझ (ती स्ट्रिंग उलगडणारं फंक्शन) चालवा, ॲरे बदला, अपडेट_पोस्ट_मेटाला (मेटा साठवणारं फंक्शन) परत द्या. स्ट्रिंगला थेट हात लावू नका. तिच्यात लांबी लिहिलेली असते, तीही बाइट्समध्ये. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, म्हणून एस:१२:"पुणे". एसक्यूएलने थेट डेटाबेसमध्ये तिथे "नाशिक" घातलं की हवेत १५, आकडा मात्र १२च. अख्खा ॲरे वाचता येत नाही, फॉल्स मिळतं. डोमेन बदलताना साइटच्या सेटिंग्ज उडतात त्या बहुतेक यानेच.

बॅकएंडवाला: स्ट्रिंगचं पटलं. पण हा फॉरमॅट जपायचाच कशाला? अनसिरियलाइझ ऑब्जेक्टही बनवतं. बाहेरून आलेली स्ट्रिंग तिथवर पोचली, तर हल्लेखोर आपल्याच क्लासमधलं डिस्ट्रक्ट (ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालणारा कोड) चालवू शकतो. पीएचपी (वर्डप्रेसची भाषा) ७ पासून अलाउड_क्लासेस फॉल्स (ऑब्जेक्ट बनवू नको अशी सूचना) देता येतं, पण मेबी_अनसिरियलाइझ ते देत नाही. जेसन (डेटा मजकुरात लिहिण्याचा दुसरा फॉरमॅट) पायथनसारख्या दुसऱ्या भाषेलाही वाचता येतं. एकदाच मायग्रेशन करा, म्हणजे सगळा डेटा तिकडे हलवा, आणि सुटा.

धागाकर्ता: फॉर्ममधून आलेल्या डेटासाठी जेसनच, यात वाद नाही. पोस्टमेटाचं तसं नाही. तिथे दुसऱ्या प्लगइनला ॲरे हवा असतो, तुम्ही त्याच्या हातात स्ट्रिंग द्याल. शिवाय अपडेट_पोस्ट_मेटा बॅकस्लॅश काढून टाकतं. जेसन_एन्कोड मराठी अक्षरं बॅकस्लॅश-यू अशी लिहितं. स्लॅश गेले की मजकुराच्या जागी यू०९२ए असले तुकडे उरतात. डब्ल्यूपी_स्लॅश (बॅकस्लॅश जपणारं फंक्शन) विसरलेला एक माणूस पुरतो! आणि डेटाबेसमधला मेटाचा कॉलम लाँगटेक्स्ट (साधा लांब मजकूर) आहे, त्यामुळे मायएसक्यूएल ५.७ च्या जेसन कॉलमचे फायदेही मिळत नाहीत.

रात्रपाळी: दोघांचंही एक राहिलं. आधीच सिरियलाइझ केलेली स्ट्रिंग दिली, तर वर्डप्रेस ती पुन्हा सिरियलाइझ करतं. एकदा उलगडून भागत नाही. ॲरे_वॉक_रिकर्सिव्हही (आतल्या प्रत्येक व्हॅल्यूवर आपलं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, चालवणारं) पुरत नाही: कॉलबॅकने सर्वात आतल्या स्ट्रिंगचा ॲरे केला, तरी ते त्या नव्या ॲरेत उतरत नाही. स्वतःचं रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं) फंक्शन लिहावंच लागतं.

बॅकएंडवाला: हेच तर म्हणतोय. हे फंक्शन प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वागवण्यापेक्षा आपला डेटा आपल्या टेबलात, जेसन कॉलममध्ये ठेवा. दुसऱ्यांच्या मेटाला मीही हात लावणार नाही.