एनटीएफएस हार्ड डिस्क मोबाइलवर उघडत नाही, फॉरमॅट न करता काही मार्ग?

कुडाळचो_झील: नमस्कार मंडळी. जत्रेतल्या दशावतारी नाटकांची माझी रेकॉर्डिंग १ टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहेत. डिस्क विंडोजवर एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फॉरमॅट केलेली. मंडळातले जुने कलाकार आता घरीच असतात, त्यांच्या घरी जाऊन मोबाइलवरून ही नाटकं दाखवायची आहेत. ओटीजीने (फोनला डिस्क लावायची केबल) अँड्रॉइड फोनला जोडली की सूचना येते: ड्राइव्ह सपोर्टेड नाही, सेट अप करण्यासाठी टॅप करा. टॅप करायला हात धजत नाही. यातले दोघे आता हयात नाहीत आणि त्यांची पदं दुसरीकडे कुठेच नाहीत. रात्रभराचं नाटक एकाच फाइलमध्ये आहे, दहा-बारा जीबीची. जाणकारांनी सांगावं.

तारयंत्र: कृपा करून टॅप करू नका! ते 'सेट अप' म्हणजे सरळ फॉरमॅट, सगळं पुसलं जाईल. तुमची डिस्क ठणठणीत आहे, फोनला एनटीएफएस वाचता येत नाही एवढंच. अँड्रॉइडचा गाभा असलेल्या लिनक्स कर्नलमध्ये २०२१ साली (आवृत्ती ५.१५) एनटीएफएस वाचणारा चांगला ड्रायव्हर आला, पण बहुतेक फोनमध्ये तो चालू केलेला नसतो.

कोणी फॅट३२ ही जुनी फाइल सिस्टिम सुचवेल, ऐकू नका. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, तुमचं नाटक अर्ध्यावर तुटेल. तुम्हाला हवं एक्सफॅट, या फाइल सिस्टिममध्ये ती अडचण नाही. मात्र फॉरमॅट न करता फाइल सिस्टिम बदलणारी विंडोजची कन्व्हर्ट कमांड फॅटवरून एनटीएफएसकडेच नेते, उलट नाही. म्हणून दुसरी डिस्क घ्या, ती कॉम्प्युटरवर एक्सफॅट करा आणि त्यावर कॉपी करा. मूळ डिस्क आहे तशी कपाटात राहू दे. अशा रेकॉर्डिंगची एकच प्रत असणं मला तरी बघवत नाही.

खरेदीआधी एखादा पेनड्राइव्ह एक्सफॅट करून फोनला लावून बघा. जुने काही फोन तेही उघडत नाहीत.

घाटावरचा: नवीन घेणारच असाल तर एसएसडी (आत फिरता भाग नसलेली डिस्क) घ्या. फिरत्या डिस्कला फोनची वीज कधीकधी पुरत नाही. दिवा लुकलुकतो, आतून टक टक येते आणि डिस्क दिसेनाशी होते. लोक फाइल सिस्टिमला दोष देत बसतात. तसं झालं तर वेगळा चार्जर लागणारा हब जोडा.

सायली_पुणे: कोणाकडे आयफोन असला तरी एक्सफॅट चालेल, आयओएस १३ पासून फाइल्स अ‍ॅपमध्ये दिसतं. लाइटनिंग पोर्टवाल्या जुन्या आयफोनला अ‍ॅडॉप्टर लागेल.

कुडाळचो_झील: सगळ्यांचे मनापासून आभार. एक्सफॅट पेनड्राइव्ह फोनने लगेच उघडला, अख्खं नाटक व्हीएलसीमध्ये चाललं. एसएसडी मागवतोय. काढताना नुसती केबल ओढली तर चालते ना?

तारयंत्र: नाही! आधी सूचनेतून 'इजेक्ट' करा. एक्सफॅटमध्ये जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नसतं. लिहिणं चालू असताना केबल निघाली तर फाइलच काय, फोल्डरही बिघडू शकतो.