कुळागरातला पंप आणि हरवलेले वॅट
फोंड्यावाल्या भावा, पंपाला २३० व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे ११५० आले आणि वॅटमीटर ८०५च दाखवतो म्हणून मीटरला शिव्या नको घालूस, ११५० हे व्होल्ट-अँपिअर आहेत, वॅट नव्हेत. पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) ०.७, म्हणजे करंट व्होल्टेजच्या साधारण ४५ अंश मागे, आपल्या ५० हर्ट्झवर अडीच मिलिसेकंद. आणि वजाबाकी करून ३४५ काढलेस ते चुकलं, वॅट आणि व्हार (काम न करता परत जाणारी पॉवर) बाणांनी काढलेस तर ते काटकोनात असतात, व्होल्ट-अँपिअर हा कर्ण, पायथागोरस लाव, ८२० व्हार येतात, ते मोटरच्या चुंबकक्षेत्रात नुसते ये-जा करतात. या चर्चेत वर कोणीतरी हे सोडवायला साइनचे गुणाकार करत बसलाय, कशाला रे बाबा, विद्युत अभियंता स्टाइनमेट्झने १८९३ मध्येच एसीची गणितं संमिश्र संख्यांनी, म्हणजे असल्याच बाणांनी, करून ती कटकट मिटवली ना! पॅरललमध्ये योग्य कपॅसिटर टाकलास तर व्हार त्याच्या आणि मोटरच्या मध्येच ये-जा करतील, केबलमधला करंट उतरेल, वॅट मात्र जवळपास तेवढेच.